मेनफ्रेमवरची फाइल बघायची कशी: लिस्टडीएसपासून हेक्स डम्पपर्यंत

सी१एफ१एफ०एफ२ एफ७डी७ई४डी४ डी७४०००एफए ००१२४५०सी एफ०एफ०एफ१डी२

या ओळीत २० बाइट आहेत. त्यात एका सुट्या भागाचा कोड, त्याचं नाव, गोदामातला साठा, किंमत आणि मोजणीत निघालेला फरक, एवढं सगळं भरलेलं आहे. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकावर, रोज काम करणारा माणूस ही ओळ चहा हातात धरून वाचतो. लेख संपेपर्यंत तुम्हालाही ती वाचता यावी, यासाठी हा खटाटोप.

एक खुलासा आधीच करतो. इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. हेक्समधल्या, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेल्या आकड्यांमधल्या, ए ते एफ या अक्षरांचंही तसंच. टीएसओमध्ये, म्हणजे मेनफ्रेमला थेट कमांड द्यायच्या जागेत, लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. युनिक्स शेलमध्ये पडतो, तिथे कोणतं अक्षर कॅपिटल ते सांगत जाईन. उदाहरणं झेडओएस या आयबीएमच्या सिस्टिमवरची आहेत, कारण नव्या माणसाची गाठ बहुतेक वेळा तिच्याशीच पडते.

फाइलच्या आत काय नसतं

लिनक्स किंवा विंडोजवरून आलेल्या माणसाच्या डोक्यात फाइलचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं: बाइटची एक लांब माळ, आणि ओळ संपली की तिथे नवी ओळ दाखवणारा बाइट. मेनफ्रेमवर फाइलला डेटासेट म्हणतात, आणि ते चित्र इथे लागू पडत नाही. डेटासेट रेकॉर्डचा बनलेला असतो. रेकॉर्ड ठरावीक लांबीचे असतील, तर एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याची खूण डेटामध्ये कुठेच नसते. लांबीची नोंद डिस्कवरच्या लेबलमध्ये, म्हणजे व्हीटॉकमध्ये असते. तिथे ८० लिहिलेलं असेल, तर दर ८० बाइटनंतर नवा रेकॉर्ड.

अक्षरांचंही असंच. १९६४ साली सिस्टिम/३६० आली, ती एब्सिडिक ही अक्षरसंहिता घेऊन, आणि झेडओएस आजही मुळात एब्सिडिकमध्येच बोलतो. लिनक्स-विंडोजवर चालते ती अ‍ॅस्की. अ‍ॅस्कीत कॅपिटल ए म्हणजे हेक्स ४१; एब्सिडिकमध्ये सी१. अ‍ॅस्कीत रिकामी जागा म्हणजे २०, इथे ४०. राहिला प्रश्न अकराव्या बाइटपासून साठा सुरू होतो की किंमत, याचा. त्याचं उत्तर तर डिस्कवरही नसतं, ते कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कॉपीबुकमध्ये, म्हणजे फील्डची रचना लिहिलेल्या फाइलमध्ये असतं.

म्हणजे रेकॉर्डची लांबी लेबलमध्ये, अक्षराचा अर्थ कोड पेजमध्ये म्हणजे अक्षरसंहितेच्या तक्त्यात, आणि फील्डचा अर्थ कॉपीबुकमध्ये. तिन्ही गोष्टी फाइलच्या बाहेर. माझ्या अनुभवात नवीन लोकांचा गोंधळ कमांडमुळे होत नाही. या तिन्हींपैकी एखादी हातात नसताना ते डम्प, म्हणजे हेक्समध्ये छापलेले कच्चे बाइट, बघायला बसतात, म्हणून होतो. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी फाइलची ठेवण विचारा, मग चारपाच रेकॉर्ड बघा, मग हेक्समध्ये उतरा.

आधी ठेवण विचारा

टीएसओमध्ये लॉगऑन केलं की रेडी हा प्रॉम्प्ट येतो. बऱ्याच ठिकाणी थेट आयएसपीएफचा, म्हणजे मेनू आणि एडिटर देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू उघडतो. तसं असेल तर पर्याय ६ निवडा, तिथे टीएसओ कमांड देता येतात. आता विचारा:

लिस्टडीएस 'टेस्ट.स्टॉक.मास्टर'

नावाभोवतीचं एकेरी अवतरण विसरू नका. ते नसेल तर टीएसओ नावाच्या पुढे तुमचा प्रीफिक्स जोडतो. तो सहसा तुमचा यूजर आयडी असतो. मग अस्तित्वातच नसलेल्या नावाचा शोध सुरू होतो आणि डेटासेट कॅटलॉगमध्ये नाही असा निरोप येतो. फाइल तिथेच आहे आणि सापडत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं, तर मी आधी अवतरण बघतो. नावाचे नियमही लक्षात ठेवा: एकूण लांबी जास्तीत जास्त ४४, आणि दोन टिंबांमधला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ८ अक्षरांचा.

उत्तरात चार गोष्टी एका ओळीत येतात. पहिली रेकएफएम, म्हणजे रेकॉर्डचा प्रकार: एफबी म्हणजे ठरावीक लांबीचे, व्हीबी म्हणजे कमीजास्त लांबीचे, यू म्हणजे ठरलेला आकार नसलेले. प्रोग्रॅमच्या लोड लायब्ररी यू प्रकारच्या असतात. दुसरी एल-आर-ई-सी-एल, बोलताना एलरेकल, म्हणजे रेकॉर्डची लांबी. तिसरी ब्लॉकसाइझ. चौथी डीएसऑर्ग: पीएस म्हणजे साधी, एकामागून एक वाचायची फाइल, पीओ म्हणजे मेंबर असलेली लायब्ररी, आणि व्हीसॅम म्हणजे बहुधा ओळखीच्या फील्डने, म्हणजे कीने, रेकॉर्ड शोधायची फाइल.

ब्लॉकसाइझमध्ये २७९२० हा आकडा वारंवार दिसेल. त्यामागे साधा हिशोब आहे. ३३९० प्रकारच्या डिस्कवर अर्ध्या ट्रॅकमध्ये जास्तीत जास्त २७९९८ बाइटचा ब्लॉक मावतो, आणि ८० च्या पटीतला त्याखालचा सर्वांत मोठा आकडा २७९२०. फाइल बघताना याचं काम पडत नाही, पण आकडा कुठून आला हे ठाऊक असलं की तो परका वाटत नाही.

व्हीबीबाबत मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथे प्रत्येक रेकॉर्डच्या डोक्यावर ४ बाइटचा आरडीडब्ल्यू असतो. त्यातल्या पहिल्या दोन बाइटमध्ये लांबी असते, आणि त्या लांबीत हे ४ बाइटही धरलेले असतात. आयएसपीएफ ते दाखवत नाही. रेकॉर्ड क्रमाने लावणारा सॉर्ट प्रोग्रॅम मात्र ते मोजतो. म्हणून आयएसपीएफमध्ये पहिल्या स्तंभात दिसणारं अक्षर सॉर्टच्या लेखी पाचव्या जागेवर असतं.

फाइल लायब्ररी निघाली, तर त्याच कमांडच्या शेवटी मेंबर्स हा शब्द जोडा, आतल्या मेंबरची यादी मिळेल. नाव अर्धवटच आठवत असेल तर

लिस्टकॅट लेव्हल(टेस्ट.स्टॉक)

म्हणा. त्या नावाखालचे सगळे डेटासेट समोर येतील. व्हीसॅम असेल तर लिस्टडीएसवर थांबू नका, लिस्टकॅट एंट्रीज('टेस्ट.स्टॉक.केएसडीएस') ऑल द्या. त्यात कीलेन म्हणजे कीची लांबी, आरकेपी म्हणजे रेकॉर्डमध्ये की कितव्या बाइटपासून सुरू होते (मोजणी शून्यापासून), आणि रेकॉर्डची जास्तीत जास्त लांबी मिळते. हे तीन आकडे वहीत टिपून ठेवा, थोड्याच वेळात लागतील.

यादीत व्हॉल्यूमच्या जागी मिग्रॅट असं दिसलं, तर ती फाइल बरेच दिवस कोणी वापरली नाही म्हणून एचएसएम या साठवण सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने उचलून दुसरीकडे ठेवली आहे. ती उघडायला गेलात की परत आणण्याचं काम आपोआप सुरू होतं आणि स्क्रीन थोडा वेळ अडकल्यासारखी वाटते. काहीही बिघडलेलं नसतं, थांबा.

मग चारपाच रेकॉर्ड

आता आयडीकॅम्स या डेटासेट हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची प्रिंट कमांड. टीएसओमधून ती थेट देता येते:

प्रिंट इनडेटासेट('टेस्ट.स्टॉक.मास्टर') काउंट(५) कॅरेक्टर

प्रिंट म्हटलं तरी कागदाशी तिचा काही संबंध नाही, उत्तर स्क्रीनवरच येतं. काउंट(५) म्हणजे पाचच रेकॉर्ड. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. काउंट न देता लाखो रेकॉर्डच्या फाइलवर ही कमांड सोडली, तर स्क्रीन भरत राहते, दर पानाला खाली तीन फुल्या येतात आणि एंटर दाबत बसावं लागतं. त्या तीन फुल्यांचा अर्थ एवढाच, की पुढचं पान तयार आहे, एंटर दाबा. मध्येच सोडायचं असेल तर पीए१ दाबा. तुमच्या टर्मिनल इम्युलेटरमध्ये ती कोणत्या बटणावर बसवली आहे ते आधीच शोधून ठेवा.

मधले रेकॉर्ड हवे असतील तर स्किप(१०००) काउंट(५): पहिले हजार सोडून पुढचे पाच. कीवाल्या व्हीसॅम फाइलसाठी, म्हणजे केएसडीएससाठी, याहून सरळ वाट आहे: फ्रॉमकी(ए१०२७) काउंट(३). की थेट शोधली जाते, मधलं काही वाचावं लागत नाही. कीमध्ये अक्षरं नसून पॅक्ड आकडा असेल तर फ्रॉमकी(एक्स'०१०२७सी') अशी हेक्समध्ये द्या.

दाखवण्याच्या तीन पद्धती आहेत. कॅरेक्टर म्हणजे फक्त अक्षरं, हेक्स म्हणजे फक्त हेक्स, आणि डम्प म्हणजे डावीकडे हेक्स व उजवीकडे दोन फुल्यांच्या मध्ये अक्षरं. काहीच लिहिलं नाही तर डम्प धरला जातो. माझं स्पष्ट मत सांगतो: फाइलमध्ये फक्त मजकूर आहे याची खात्री नसेल, तर कॅरेक्टरच्या वाटेला जाऊच नका. अक्षरात न बसणारा बाइट टिंब होऊन येतो, आणि ते टिंब खरंच टिंब होतं, शून्य होतं की पॅक्ड आकडा, हे कळायला मार्ग उरत नाही.

स्क्रीनवर ८० स्तंभ असतील तर डम्पची लांब ओळ मोडून दोन ओळींत येते आणि डोळ्यांना त्रास होतो. त्यामुळे मी डम्प बहुधा जेसीएलने, म्हणजे जॉब चालवण्याच्या सूचना लिहून, काढतो आणि एसडीएसएफ या जॉबचं उत्तर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निवांत वाचतो. जॉब कार्डाखाली एवढंच लागतं:

//स्टेप१ एक्झेक पीजीएम=आयडीकॅम्स
//सिसप्रिंट डीडी सिसआउट=*
//इन१ डीडी डीएसएन=टेस्ट.स्टॉक.मास्टर,डिस्प=एसएचआर
//सिसइन डीडी *
  प्रिंट इनफाइल(इन१) काउंट(५) डम्प
/*

यात दोन जागा जपायच्या. डिस्पमध्ये एसएचआरच लिहा. ओल्ड लिहिलंत तर फाइल एकट्या तुमच्या ताब्यात येते, आणि तिची वाट बघणारे दुसऱ्यांचे जॉब रांगेत उभे राहतात. दुसरं म्हणजे प्रिंट हा शब्द दुसऱ्या किंवा त्यापुढच्या स्तंभापासून सुरू करा. आयडीकॅम्स पहिला स्तंभ वाचत नाही, त्यामुळे तिथून सुरू केलं तर पहिलं अक्षरच गळून पडतं. कमांड एका ओळीत मावत नसेल तर ओळीच्या शेवटी हायफन द्या.

काम नीट झालं तर शेवटी आयडीसी०००५आय या निरोपात किती रेकॉर्ड छापले ते येतं, आणि आयडीसी०००१आयमध्ये कंडिशन कोड शून्य. फाइल रिकामी आहे का एवढंच तपासायचं असेल, तर काउंट(१) देऊन कोड बघण्याची जुनी पद्धत आहे: साधी फाइल रिकामी असेल तर ४ येतो.

आता ती ओळ वाचू

कॉपीबुक म्हणतं: पहिले ५ बाइट कोड, पुढचे ५ नाव, मग २ बाइट साठा बायनरीत, ४ बाइट किंमत कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड स्वरूपात आणि दोन दशांश स्थळांची, शेवटचे ४ बाइट फरक, चिन्हासह साध्या अंकांत. एकूण २०. एलरेकल २० आहे का, हे आधी पडताळून बघा. जुळत नसेल तर कॉपीबुक जुनं आहे किंवा फाइल वेगळी आहे, आणि पुढे वाचण्यात अर्थ नाही.

सी१ एफ१ एफ० एफ२ एफ७. एब्सिडिकमध्ये अंक एफ० ते एफ९. कॅपिटल अक्षरं तीन तुकड्यांत: ए ते आय म्हणजे सी१ ते सी९, जे ते आर म्हणजे डी१ ते डी९, एस ते झेड म्हणजे ई२ ते ई९. लहान अक्षरांचेही असेच तीन तुकडे, ८१, ९१ आणि ए२ पासून. हे एवढं पाठ केलंत की निम्मा डम्प कोष्टकाशिवाय वाचता येतो. तर हा कोड आहे ए१०२७.

डी७ ई४ डी४ डी७ ४०. पी, यू, एम, पी आणि एक रिकामी जागा. पंप.

०० एफए. हे अक्षर नाही, बायनरी आकडा आहे. एफए म्हणजे १५ गुणिले १६ अधिक १०, म्हणजे २५०. गोदामात २५० पंप.

०० १२ ४५ ०सी. पॅक्डमध्ये एका बाइटात दोन अंक बसतात आणि सगळ्यांत शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे चिन्हाशिवायचा आकडा, तोही अधिकच धरतात. इथे अंक ००१२४५० आणि चिन्ह अधिक. दशांश चिन्ह फाइलमध्ये नसतंच, ते कॉपीबुकमधून घ्यायचं: १२४.५०.

एफ० एफ० एफ१ डी२. हे शेवटचं नव्या माणसाला हमखास चकवतं. उजव्या बाजूला ते ००१के असं दिसतं, आणि आकड्यात के कुठून शिरला म्हणून तो शोधत बसतो. झोन्ड आकड्यात चिन्ह शेवटच्या अंकाच्या वरच्या अर्ध्या बाइटात बसतं. डी२ मधला डी म्हणजे उणे आणि २ हा अंक. फरक उणे १२. हाच बाइट अक्षर म्हणून वाचला तर के. चूक कुठेच नाही.

संपूर्ण रेकॉर्डची उजवी बाजू अशी दिसेल: ए१०२७पंप (रोमनमध्ये), एक रिकामी जागा, सहा टिंबं, मग ००१के. ती सहा टिंबं म्हणजे साठा आणि किंमत. फक्त कॅरेक्टरमध्ये बघितलं असतं तर नेमक्या त्याच दोन गोष्टी हरवल्या असत्या.

पॅक्ड फील्डमध्ये ४०४०४०४० दिसलं तर थांबा. तिथे कोणीतरी आकड्याऐवजी रिकाम्या जागा भरल्या आहेत. शेवटचा अर्धा बाइट शून्य, ते चिन्ह होऊ शकत नाही. अशा फील्डवर प्रोग्रॅमने बेरीज केली की एस०सी७ ही चूक येऊन तो बंद पडतो. रात्री जॉब पडला आणि एस०सी७ दिसला, तर इनपुट फाइलच्या डम्पमध्ये मी सगळ्यांत आधी हे ४० शोधतो, आणि बऱ्याचदा तिथेच गाठ सुटते.

आयएसपीएफमध्ये हेच बघायचं असेल तर ब्राउझ किंवा व्ह्यूमध्ये फाइल उघडून वर हेक्स ऑन टाइप करा. प्रत्येक अक्षराखाली दोन ओळी येतात: वरच्या ओळीत हेक्सचा पहिला अंक, खालच्या ओळीत दुसरा. म्हणजे ए खाली सी, त्याखाली १. उभं वाचायची सवय व्हायला एखादा दिवस जातो. शोधायचं असेल तर फाइंड एक्स'४०४०४०४०'. न दिसणारे बाइट शोधायला फाइंड पी'.' आहे, ते फार उपयोगी. बघायचंच असेल तर एडिटमध्ये जाऊ नका. एडिटमध्ये चुकून एखादं अक्षर बदललं गेलं आणि तुम्ही पीएफ३ दाबून बाहेर पडलात, तर ऑटोसेव्ह चालू असल्यास बदल निमूटपणे साठवला जातो.

सगळा रेकॉर्ड डोळ्यांनी उलगडायचा कंटाळा येत असेल, तर डीएफसॉर्टला कामाला लावा. सॉर्ट फील्ड्स=कॉपी, त्यासोबत स्टॉपआफ्ट=१०, आणि आउटरेकमध्ये १३,४,पीडी,एडिट=(टीटीटीटीटी.टीटी) दिलं की किंमत वाचण्यासारखी छापून येते. १,२०,हेक्स दिलं तर तोच रेकॉर्ड हेक्समध्ये.

युनिक्स शेलमधून

झेडओएसच्या पोटात एक पूर्ण युनिक्स आहे. ओएमव्हीएस या टीएसओ कमांडने किंवा एसएसएचने तिथे जाता येतं. शेलची सवय असलेल्यांना तिथे हायसं वाटतं, पण दोन सापळे आहेत.

पहिला सापळा डेटासेट तिकडे नेताना. कमांड अशी:

सीपी -बी "//'टेस्ट.स्टॉक.मास्टर'" स्टॉक

बी कॅपिटल, बाहेर दुहेरी अवतरण, आत एकेरी. ही बी विसरलात तर सीपी फाइलला मजकूर समजतो, ठरावीक लांबीच्या रेकॉर्डच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापतो आणि प्रत्येक रेकॉर्डनंतर नव्या ओळीचा बाइट घालतो. तो बाइट इथे १५ असतो. मजकुरासाठी हे ठीक आहे. डम्पसाठी नाही, कारण मोजणी सरकते. बी दिल्यावर बाइट जसेच्या तसे येतात, पण रेकॉर्डच्या सीमा पुसल्या जातात, त्या आता तुम्ही मोजायच्या.

ओडी -ए एक्स -टी एक्स१ -जे ४० -एन २० स्टॉक

ए आणि एन कॅपिटल, बाकी लहान. ए एक्स दिल्यामुळे डावीकडची जागा हेक्समध्ये येते, नाहीतर ती ऑक्टलमध्ये येते आणि मोजताना चूक होते. जे म्हणजे इतके बाइट सोडा, एन म्हणजे इतकेच दाखवा. रेकॉर्ड २० बाइटचा असल्यामुळे तिसरा रेकॉर्ड ४० बाइटनंतर सुरू होतो. ओडी एका ओळीत १६ बाइट छापतो, म्हणून पूर्ण फाइल छापली तर रेकॉर्ड ओळींमध्ये तिरके सरकत जातात. एकेक रेकॉर्ड असा कापून घेतलेला बरा. मध्येच एका ओळीत नुसती फुली दिसली तर वरचीच ओळ पुन्हापुन्हा आली आहे. सगळं हवं असेल तर -व्ही जोडा.

दुसरा सापळा अक्षरसंहितेचा. शेलमधल्या फाइलला एक टॅग असू शकतो. एलएस -टी, टी कॅपिटल, दिलं की तो दिसतो. आयएसओ८८५९-१ असेल तर आत अ‍ॅस्की आहे, आयबीएम-१०४७ असेल तर एब्सिडिक. टॅग नसेल तर ओडीचं उत्तरच बघा. जागोजागी ४० आणि सी, डी, ई, एफने सुरू होणारे बाइट असतील तर एब्सिडिक. जागोजागी २० आणि ४ ते ७ ने सुरू होणारे बाइट असतील तर अ‍ॅस्की. टॅग लावायचा तर सीएचटॅग -टीसी आयएसओ८८५९-१ स्टॉक, इथे टी आणि सी लहान. टॅग लावल्याने आतले बाइट बदलत नाहीत, ते बदलायला आयकॉन्व्ह लागतो.

बिनबोभाट बदललेली किंमत

हे जरा थांबून सांगतो, कारण याचा फटका मी जवळून पाहिला आहे. एका कामात स्टॉकची फाइल मेनफ्रेमवरून पीसीवर टेक्स्ट मोडमध्ये उतरवली गेली. नावं आणि कोड अगदी व्यवस्थित वाचता येत होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. किमती मात्र काही ठिकाणी जुळेनात.

टेक्स्ट मोड प्रत्येक बाइट एब्सिडिकमधून अ‍ॅस्कीत बदलतो. तो पॅक्ड आहे की अक्षर, हे त्याला कळत नाही. आपल्या रेकॉर्डमधली किंमत घ्या: ०० १२ ४५ ०सी. त्यातला ४५ बदलून ई१ होतो. ई हा अंक नाही, त्यामुळे आकडा वाचताना प्रोग्रॅम लगेच ओरडतो. आता किंमत १२४.०० असती तर? बाइट ०० १२ ४० ०सी. शून्य शून्य तसंच राहतं, १२ तसाच राहतो, ०सी तसाच राहतो, आणि ४० म्हणजे रिकामी जागा, ती २० होते. हातात येतं ०० १२ २० ०सी. हा पॅक्ड आकडा पूर्णपणे वैध आहे: १२२.००. कुठलाही प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. साठ्यातला ००एफए सुद्धा ००बी३ होतो, म्हणजे २५० चे १७९.

म्हणून फाइलमध्ये एकही पॅक्ड किंवा बायनरी फील्ड असेल, तर ती बायनरी मोडमध्येच न्या आणि अक्षरं पलीकडे बदला. नेल्यावर दोन्हीकडचा पहिला रेकॉर्ड हेक्समध्ये शेजारी ठेवून बाइटला बाइट ताडून बघा. फक्त नावं बरोबर दिसतात म्हणून फाइल बरोबर आली, असं कधीही मानू नका.

आपल्या संगणकावरून झोवी या मेनफ्रेमशी बोलणाऱ्या साधनाची कमांड लाइन वापरत असाल तरी हाच नियम. झोवी फाइल्स लिस्ट डेटा-सेट "टेस्ट.स्टॉक.*" ने यादी मिळते, झोवी फाइल्स व्ह्यू डेटा-सेट ने मजकूर दिसतो, आणि झोवी फाइल्स डाउनलोड डेटा-सेट ला --बायनरी जोडलं की बाइट जसेच्या तसे उतरतात.

डम्प या शब्दाचे तीन अर्थ

सहकाऱ्याने डम्प बघ म्हटलं तर आधी विचारा, कसला. आपण इथे बघतोय तो फाइलचा डम्प. प्रोग्रॅम पडल्यावर सिसयूडम्पमध्ये येतो तो मेमरीचा. आणि एडीआरडीएसएसयूची डम्प कमांड फाइल दाखवतच नाही, ती बॅकअप घेते. दाखवण्यासाठी तिथेही प्रिंटच आहे, पण ती ट्रॅकच्या पातळीवर उतरते, सुरुवातीला तिची गरज पडत नाही. लोड लायब्ररीतला प्रोग्रॅम बघायचा असेल तर एएमएएसपीझॅप आणि त्याचं डम्पटी, किंवा नुसती माहिती हवी असेल तर एएमबीलिस्ट.

झेडव्हीएम या आयबीएमच्या दुसऱ्या सिस्टिमच्या सीएमएसवर बसलात तर तिथे टाइप कमांड आहे: फाइलचं नाव, प्रकार, मोड, आणि कंसात हेक्स. सीएमएसमध्ये हा कंस फक्त उघडायचा असतो, बंद करावा लागत नाही.

अडलं तर

आयसीएच४०८आय दिसलं तर रॅकएफ या परवानग्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमने अडवलं आहे. त्या निरोपात तुम्ही काय मागितलं आणि तुम्हाला किती परवानगी आहे, दोन्ही लिहिलेलं असतं. बघण्यापुरती रीड पुरते. तेवढीच मागा, अपडेट मागू नका. जॉबमध्ये तेच ९१३ म्हणून दिसतं. ०१३-१८ आला तर मेंबर नाही, नाव तपासा. आयईएफ२१२आय आला तर डेटासेटच सापडला नाही.

आयईबीजेनर या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल सिसआउटवर काढायचीही पद्धत आहे, पण तिथे सिसयूटी१ म्हणजे कुठून आणि सिसयूटी२ म्हणजे कुठे. दोन्हींची अदलाबदल झाली तर बघायला गेलेली फाइल पुसली जाते. म्हणून मी नवीन माणसाच्या हातात आधी आयडीकॅम्सची प्रिंट देतो. ती फक्त वाचते.

सराव कामाच्या सिस्टिमवर करू नका. आयबीएमच्या झेड एक्सप्लोअरवर खऱ्या झेडओएसचं खातं मोफत मिळतं. घरच्या संगणकावर हर्क्युलिस इम्युलेटर आणि त्यावर जुनी एमव्हीएस ३.८जे चालवता येते. तिच्यात आयएसपीएफ नाही, पण लिस्टडीएस, लिस्टकॅट आणि आयडीकॅम्स आहेत, आणि इथलं बरंचसं तिथे करून बघता येतं. पहिला सराव म्हणून आपल्या पंपासारखा एक रेकॉर्ड स्वतः हेक्समध्ये लिहा, प्रिंट करून बघा, मग किंमत उणे करा आणि कोणता अर्धा बाइट बदलला ते शोधा.

काम झालं की मागे काही ठेवू नका. शेलमधली प्रत मी टीएमपीमध्ये ठेवत नाही, कारण तिथे दुसऱ्यांचाही हात पोचतो. घरच्या डिरेक्टरीत ठेवतो, सीएचमॉड ६०० देतो, आणि बघून झाल्यावर आरएमने काढतो. डम्पचा जॉब स्पूलमध्ये, म्हणजे जॉबची उत्तरं साठतात तिथे, पडून राहतो आणि त्यात लोकांची खरी नावं, खरे आकडे असू शकतात. एसडीएसएफमध्ये त्या जॉबच्या पुढे पी लिहून एंटर दाबा.